धूमकेतू थांबत नाही

१ फेब्रुवारी २०२३ रोजी एक हिरवट धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे सव्वाचार कोटी किलोमीटर अंतरावरून गेला. सी/२०२२ ई३ (झेडटीएफ) हे त्याचं नाव. तो याआधी साधारण पन्नास हजार वर्षांपूर्वी सूर्याजवळ आला असावा, हे वर्तमानपत्रांनी सांगितलं. तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल की नाही, यावर बरीच चर्चाही झाली. दुर्बिणीला कॅमेरा जोडून बसणाऱ्या हौशी मंडळींच्या डोक्यात मात्र वेगळाच आकडा घोळत होता : दर मिनिटाला सोळा विकला.

अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. पूर्ण चंद्राची रुंदी तीस कलांच्या आसपास असते. मिनिटाला सोळा विकला म्हणजे दोन तासांच्या आत चंद्राच्या रुंदीएवढी वाटचाल आणि दिवसभरात साडेसहा अंश. नुसत्या डोळ्यांना ही चाल जाणवत नाही. पण दुर्बीण दर विकला मोठी करून दाखवते, आणि कॅमेऱ्याचं शटर उघडं राहील तितका वेळ तो धूमकेतू चित्रावर ओढला जातो. एका मिनिटात त्याच्या मध्यावरचा टपोरा बिंदू लांबट रेघ होऊन बसतो.

धूमकेतूचे सुंदर फोटो पाहून लोक पहिला प्रश्न विचारतात तो दुर्बिणीच्या आकाराचा. ‘किती इंची आहे?’ या लेखात मला जे सांगायचं आहे ते या प्रश्नाच्या थोडं पलीकडचं आहे. वेगाने जाणाऱ्या धूमकेतूचा फोटो दुर्बिणीच्या आकारावर जितका ठरतो, त्याहून जास्त वेळेच्या हिशेबावर ठरतो. किती सेकंद, कोणत्या क्षणी, कुठून. हा हिशेब नीट ठेवला तर फोटो देखणा होतो आणि त्याच हिशेबामुळे तो विज्ञानाच्या उपयोगीही पडतो.

वेग कुठून येतो

हा धूमकेतू २ मार्च २०२२ रोजी सापडला. कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावर ४८ इंची श्मिट दुर्बिणीला झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी (झेडटीएफ) या सर्वेक्षणाचा प्रचंड कॅमेरा जोडलेला आहे. तो रोज रात्री आकाशाचा मोठा भाग टिपतो आणि जे बदललं, जे हललं ते वेगळं काढतो. त्या फोटोंमध्ये ब्राइस बोलिन आणि फ्रँक मास्की यांना एक अंधूक ठिपका सरकताना दिसला. आधी तो लघुग्रह वाटला. मग त्याच्याभोवतीचं धुकट वलय लक्षात आलं. नावातला ‘ई’ म्हणजे मार्चचा पहिला पंधरवडा आणि ‘३’ म्हणजे त्या पंधरवड्यातला तिसरा. १२ जानेवारी २०२३ ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ येणार, हे गणिताने कळलं आणि जगभरच्या हौशी निरीक्षकांना तयारीला दहा महिने मिळाले.

धूमकेतू आकाशात किती वेगाने सरकताना दिसेल हे दोन गोष्टींवर ठरतं : तो आपल्यापासून किती दूर आहे आणि आपल्या तुलनेत किती वेगाने आडवा चालला आहे. डिसेंबर २०१८ मधला ४६पी/विर्टानेन यासाठी चांगला नमुना आहे. १६ डिसेंबरला तो पृथ्वीपासून अवघ्या १.१६ कोटी किलोमीटरवर होता, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या तीसपट. कृत्तिका आणि रोहिणी यांच्यामधून तो गेला. तरी त्याची चाल दिवसाला चार अंशांच्या आसपासच होती, कारण तो जवळपास पृथ्वीच्याच दिशेने सूर्याला फेरी घालत होता. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला दहा किलोमीटरच्या घरात. झेडटीएफ त्याच्या जवळजवळ चौपट लांब होता, पण त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला उभी छेदणारी आणि दिशा उलटी. परस्पर वेग सेकंदाला सुमारे ५७ किलोमीटर. म्हणून लांब असूनही तो आकाशात विर्टानेनपेक्षा वेगाने पळाला.

याहून वेगवान पाहुणेही आले आहेत. मार्च १९९६ मध्ये हयाकुताके धूमकेतू दीड कोटी किलोमीटरवरून गेला आणि रोज आकाशाचा मोठा पट्टा ओलांडत ध्रुवताऱ्याजवळ पोहोचला. मे १९८३ मध्ये आयरस-अराकी-आल्कॉक हा तर ४७ लाख किलोमीटरपेक्षाही जवळ आला होता. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्यांना तो ताऱ्यांमधून सरकताना प्रत्यक्ष दिसत होता.

सेकंदांचं गणित

आता कॅमेऱ्याकडे येऊ. कॅमेऱ्याच्या सेन्सरचा एक पिक्सेल आकाशाचा किती भाग व्यापतो, हे काढणं सोपं आहे. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थने भागा. उत्तर विकलांमध्ये येतं.

आजच्या अनेक खगोलीय कॅमेऱ्यांचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असतो. तो ८ इंची, एफ/५ न्यूटोनियन दुर्बिणीला लावला, म्हणजे फोकल लेंग्थ १००० मिमी, तर एका पिक्सेलमध्ये पाऊण विकला मावते. मिनिटाला सोळा विकला पळणारा धूमकेतू अशा चित्रात मिनिटभरात एकवीस पिक्सेल ओढला जाईल. तोच कॅमेरा ८० मिमीच्या छोट्या, ४८० मिमी फोकल लेंग्थच्या रिफ्रॅक्टरला लावला तर पिक्सेलमागे १.६ विकला येतात आणि मिनिटाला दहा पिक्सेलची रेघ उमटते. १३५ मिमीच्या साध्या टेलिफोटो लेन्सवर मिनिटभराची रेघ जेमतेम तीन पिक्सेलची असते.

आपल्याकडच्या वातावरणाच्या थरथरीमुळे तारा तसाही दोन-तीन विकला पसरलेला दिसतो. त्यामुळे धूमकेतू एका एक्स्पोजरमध्ये तीनेक विकलांपेक्षा जास्त सरकू द्यायचा नाही, हा व्यवहारी नियम. १ फेब्रुवारीला हे बंधन पाळायचं तर शटर दहा-अकरा सेकंदांत मिटलं पाहिजे. मोठ्या दुर्बिणीने प्रकाश जास्त गोळा होतो, पण हे बंधन सुटत नाही; उलट फोकल लेंग्थ जितकी लांब, तितकं चित्रातलं क्षेत्र लहान आणि शेपटीचा तितका भाग बाहेर. व्यावसायिक वेधशाळांच्या दोन-दोन मीटरच्या दुर्बिणींचं क्षेत्र बहुधा चंद्राच्या रुंदीहूनही कमी असतं. अंशन्‌अंश पसरलेली शेपटी टिपायला छोटी दुर्बीणच लागते. हौशी माणसाच्या हातातली ही खरी जमेची बाजू आहे.

दुसरा रस्ता आहे तो दुर्बिणीलाच धूमकेतूच्या चालीने चालवण्याचा. विषुववृत्तीय माऊंट पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करण्यासाठी सेकंदाला पंधरा विकला या गतीने फिरतं, म्हणून तारे स्थिर राहतात. त्यात धूमकेतूची स्वतःची गती मिळवली, तर तो स्थिर राहतो आणि तारे रेघा होतात. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची होरायझन्स ही सेवा कुठल्याही तारखेसाठी धूमकेतूची जागा आणि गती देते. ती मागताना आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. सव्वाचार कोटी किलोमीटरवरच्या वस्तूची जागा पृथ्वीच्या केंद्रातून आणि पृथ्वीच्या काठावरून पाहताना तीस विकलांनी बदलते. विर्टानेनच्या वेळी हा फरक जवळजवळ दोन कलांचा होता. पुण्याचा निरीक्षक कॅलिफोर्नियाचा तक्ता घेऊन बसला, तर दुर्बीण भलतीकडे पाहील.

जुन्नरचा माळ

महाराष्ट्रातून झेडटीएफ पाहणं सोपं नव्हतं. जानेवारीच्या अखेरीस तो ध्रुवाजवळ होता, आणि आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम अठरा-वीस अंश वर असतो. म्हणजे धूमकेतू धुळीच्या आणि धुक्याच्या थरातून पाहायचा. तो सर्वांत जवळ आला तेव्हा शुक्ल पक्ष चालू होता आणि ५ फेब्रुवारीला पौर्णिमा. युरोप-अमेरिकेतल्या मंडळींना जानेवारीतली अमावास्या उपयोगी पडली. आपल्यासाठी चांगला काळ आला तो नंतर. ५ तारखेच्या सुमारास धूमकेतू ब्रह्महृदयाजवळून गेला आणि १०-११ तारखेला वृषभ राशीत मंगळाच्या शेजारी आला. संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर, आणि चंद्र उगवायला रात्रीचे दहा वाजणार. पूर्ण अंधाराचे दोन तास हातात होते.

जुन्नर तालुक्यातल्या एका माळावर आमचा गट बसला होता. या भागाला आकाशाचं वेड नवं नाही. जवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत आणि गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून काम करते. पण हा बिबट्यांचाही मुलूख. उसाच्या फडाकडे एकट्याने जायचं नाही, गाड्या जवळ लावायच्या, आणि लाल टॉर्चशिवाय दुसरा उजेड करायचा नाही, हे आधीच ठरलं होतं.

काम सूर्यास्तापूर्वी सुरू होतं. तिपाई पक्क्या जमिनीवर रोवायची. ध्रुव दिसला की पोलर अलाइनमेंट, म्हणजे माऊंटचा अक्ष ध्रुवाशी जुळवणं. उत्तरेला डोंगर आडवा आला तर आकाशाच्या तीन जागांचे फोटो घेऊन संगणकाकडून अक्ष जुळवायचा. मग दुर्बिणीच्या तोंडावर बाह्टिनोव्ह मास्क ठेवून एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर फोकस. त्या जाळीमुळे ताऱ्याभोवती तीन रेघा उमटतात आणि मधली रेघ बरोबर मध्यावर आली की फोकस साधला. फेब्रुवारीत माळावर रात्री आठनंतर दव पडू लागतं, म्हणून भिंगाभोवती गरम पट्टा गुंडाळायचा. आणि एक गोष्ट जी पुष्कळजण विसरतात : लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्यायचं.

शेताचे मालक काका मोटार चालू करायला आले. रात्रीची लाईट होती, पाणी द्यायचं होतं. दुर्बीण बघून थांबले.

‘‘शेंडेनक्षत्र धरायला आलाय व्हय?’’

‘‘हो काका. पण तुमच्या मोटारीच्या खोलीवरचा बल्ब थेट इकडे येतोय. थोडा वेळ बंद ठेवता येईल का?’’

त्यांनी काही न बोलता बल्ब बंद केला, बॅटरी खाली वळवली आणि काम उरकून परत आले. लॅपटॉपवर पहिली फ्रेम आली तेव्हा ते आमच्या मागे उभे होते. काळसर पडद्यावर मंगळाचा नारिंगी गोळा, आणि त्याच्या एका बाजूला पुसट हिरवट ठिपका, भोवती विरत गेलेलं धुकं. ‘‘एवढंच?’’ काकांनी विचारलं. आमच्या गटातल्या तरुण इंजिनिअर मुलीने सांगितलं, ‘‘काका, अर्धा तास थांबा.’’ तिने पहिली फ्रेम आणि अर्ध्या तासानंतरची फ्रेम एकामागून एक दाखवल्या. तारे जागच्या जागी होते आणि ठिपका सरकलेला होता. काका बराच वेळ त्या दोन फ्रेम पुन्हा पुन्हा पाहत राहिले. ‘‘चाललाय की हो हा,’’ ते म्हणाले.

१० फेब्रुवारीला धूमकेतू सुमारे सहा कोटी किलोमीटरवर गेला होता आणि त्याची चाल निम्म्यावर आली होती, मिनिटाला आठेक विकला. म्हणजे तीन विकलांचा नियम थोडा सैल करून छोट्या रिफ्रॅक्टरवर तीस सेकंदांचं एक्स्पोजर चालत होतं. तेवढ्या वेळात धूमकेतू अडीच पिक्सेलच सरकतो. नऊ दिवसांपूर्वीच्या तुलनेत आता दुप्पट सवड होती. दररोज हा हिशेब नव्याने करावा लागतो. काल ठरवलेलं एक्स्पोजर आज लागू पडेलच असं नाही.

दोन गतींचा एक फोटो

तीस सेकंदांच्या एका फ्रेममध्ये शेपटी जवळजवळ दिसतच नाही. अशा दोनशे फ्रेम एकत्र केल्या तर शंभर मिनिटांचा प्रकाश जमा होतो आणि खरी शेपटी गोंधळातून वर येते. शंभर फ्रेमची सरासरी घेतली की चित्रातला खरखरीत दाणेदारपणा एका फ्रेमच्या तुलनेत दहाव्या हिश्श्यावर येतो. पण इथेच खरी अडचण उभी राहते. त्या शंभर मिनिटांत धूमकेतू ताऱ्यांमधून तेरा-चौदा कला पुढे गेलेला असतो, म्हणजे चित्रात पाचशे पिक्सेल. फ्रेम ताऱ्यांवर जुळवल्या तर धूमकेतूचा फराटा होतो, धूमकेतूवर जुळवल्या तर प्रत्येक ताऱ्याची रेघ होते. बैलगाडा शर्यतीत फोटोग्राफर धावत्या बैलांबरोबर कॅमेरा फिरवतो तेव्हा बैल स्पष्ट येतात आणि घाटावरची माणसं पुसली जातात; तसंच हे.

त्यामुळे एकाच रात्रीच्या फ्रेमवर दोनदा काम करावं लागतं. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिलसारखी मोफत सॉफ्टवेअर हे करतात. आधी सगळ्या फ्रेम ताऱ्यांवर जुळवायच्या. मग पहिल्या फ्रेममध्ये धूमकेतूच्या केंद्रावर खूण करायची, शेवटच्या फ्रेममध्ये पुन्हा केंद्रावर खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर आणि दोन फ्रेमच्या वेळांमधला फरक यांवरून सॉफ्टवेअर धूमकेतूची गती काढतं आणि मधल्या प्रत्येक फ्रेमला तितकं सरकवतं. इथे प्रत्येक फ्रेमवरची वेळ बरोबर असणं गरजेचं. केंद्रावरची खूण चार-पाच पिक्सेलने इकडेतिकडे झाली तरी धूमकेतूचं मस्तक लांबट दिसू लागतं. म्हणून चित्र शक्य तितकं मोठं करून, वलयाचा सर्वांत उजळ पिक्सेल शोधून तिथेच खूण करायची.

धूमकेतूवर जुळवलेल्या फ्रेममध्ये प्रत्येक तारा वेगवेगळ्या जागी पडतो. एखाद्या पिक्सेलच्या दोनशे किमतींपैकी पाच-सहाच जास्त उजळ असतील, तर त्या ताऱ्याच्या आहेत असं धरून त्या गाळायच्या. याला सिग्मा क्लिपिंग म्हणतात. तारे गळून जातात, धूमकेतू उरतो. शेवटी ताऱ्यांचं चित्र आणि धूमकेतूचं चित्र एकत्र करतात. दोन्ही चित्रं त्याच रात्रीच्या, त्याच फ्रेममधून आलेली असतात, फक्त दोन वेगवेगळ्या गती थोपवून.

असं जोडलेलं चित्र खरं की नाही, असा प्रश्न काहीजण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. ताऱ्यांचं आणि धूमकेतूचं चित्र एकाच रात्री, एकाच दुर्बिणीतून, एकाच क्षेत्राचं असेल आणि खाली तसं लिहिलं असेल, तर ते प्रामाणिक आहे. दुसऱ्या रात्रीचं आकाश मागे चिकटवलं, किंवा शेपटीत नसलेला पोत सॉफ्टवेअरकडून रंगवून घेतला, तर तो फोटो उरत नाही.

काचेच्या प्लेटपासून

धूमकेतूच्या चालीशी कॅमेऱ्याची ही झुंज दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे. धूमकेतूचा पहिला फोटो २७ सप्टेंबर १८५८ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात विल्यम अशरवूड या व्यावसायिक फोटोग्राफरने घेतला. पोर्ट्रेटची लेन्स, सात सेकंद, समोर दोनातीचा धूमकेतू. दुसऱ्याच दिवशी हार्वर्डच्या वेधशाळेत मोठ्या दुर्बिणीतून जॉर्ज बाँड यांनी प्रयत्न केला, पण त्यांच्या प्लेटवर मस्तकाचा मधला भाग तेवढा उमटला. छोट्या, प्रकाशमान लेन्सचं महत्त्व त्या पहिल्या दोन दिवसांतच दिसून आलं होतं.

१८८२ च्या महाधूमकेतूच्या वेळी दक्षिण आफ्रिकेतल्या केप वेधशाळेत डेव्हिड गिल यांनी स्थानिक फोटोग्राफरचा कॅमेरा वेधशाळेच्या दुर्बिणीवर बांधला. दुर्बिणीतून धूमकेतूवर नजर ठेवायची आणि हाताने चक्र फिरवून तो मध्यावर धरून ठेवायचा, असं काम. प्लेटवर धूमकेतूमागे तारेही असंख्य आले. ते पाहून फोटोंवरूनच ताऱ्यांची यादी करता येईल, हे गिल यांच्या लक्षात आलं आणि त्यातून साडेचार लाखांहून अधिक ताऱ्यांची यादी तयार झाली. पुढे ऑक्टोबर १८९२ मध्ये एडवर्ड बर्नार्ड यांनी फोटोवरूनच नवा धूमकेतू शोधून काढला.

या परंपरेत एक भारतीय नाव ठळक आहे. हार्वर्डला संशोधन करणारे वेणू बाप्पू यांना २ जुलै १९४९ रोजी घेतलेल्या प्लेटवर एक नवा धूमकेतू सापडला. बार्ट बोक आणि गॉर्डन न्यूकर्क या सहकाऱ्यांबरोबर त्याला बाप्पूंचं नाव मिळालं. भारतात परतल्यावर त्यांनी इथल्या आधुनिक वेधशाळांची पायाभरणी केली.

महाराष्ट्रातली हौशी परंपराही जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते. मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या १९८५-८६ च्या भेटीच्या काळात उभं राहिलं. फिल्मच्या त्या काळात रात्रभर हाताने गाइड करून रोल धुवायला टाकायचा आणि चार दिवसांनी काय आलं ते कळायचं. आज फ्रेम दहा सेकंदांत पडद्यावर दिसते. पन्नास मिलिमीटरच्या सीस्टारसारख्या स्मार्ट दुर्बिणी तर धूमकेतू स्वतः शोधतात आणि दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम आपोआप जोडतात. साधनं हातात आली, ही मोठी गोष्ट आहे. पण हिशेब समजून घेतला नाही, तर तीच साधनं ताऱ्यांवर जुळवलेला लांबट धूमकेतू देतात आणि कुठे चुकलं हे कळत नाही.

हिरवा रंग किती खरा

झेडटीएफच्या फोटोंमधला हिरवा रंग पाहून तो नंतर भरला आहे असं अनेकांना वाटलं. तो खराच आहे. सूर्याच्या उष्णतेने धूमकेतूच्या बर्फातून वायू सुटतात. त्यातले कार्बनचे दोन अणू जोडलेले रेणू सूर्यप्रकाशात हिरवे चमकतात. हेच रेणू सूर्यप्रकाशाने फुटूनही जातात, म्हणून हिरवा रंग मस्तकापुरताच राहतो, शेपटीत उतरत नाही. हे फुटणं नेमकं कसं होतं, ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत लेसरने दाखवून दिलं. त्यांचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे एखाद्या फोटोत लांब शेपटी टोकापर्यंत हिरवी दिसली, तर रंग वाढवताना हात सुटला आहे हे ओळखावं. वायूची शेपटी निळसर असते, कार्बन मोनॉक्साइडच्या विद्युतभारित रेणूंमुळे. धुळीची शेपटी पिवळट-पांढरी, कारण ती सूर्यप्रकाशच परतवते. २३ जानेवारी २०२३ ला पृथ्वी या धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलातून गेली, तेव्हा धुळीचा पातळ थर कडेवरून दिसल्यामुळे सूर्याच्या दिशेने जाणारी तिसरी शेपटी असल्याचा भास अनेक फोटोंत स्पष्ट आला.

वेळ जपून ठेवावी

वायूची शेपटी तासांत बदलते. सूर्याकडून येणारा भारित कणांचा झोत तिला ताणतो, वळवतो, कधी तोडतोही. एप्रिल २००७ मध्ये सूर्यावरच्या उद्रेकाने एन्के धूमकेतूची शेपटी तोडून नेली, ते नासाच्या स्टिरिओ यानाने टिपलं. असे बदल पकडायचे तर चोवीस तास कुणीतरी पाहत राहिलं पाहिजे. आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा अमेरिकेत दिवस असतो आणि युरोपात अजून अंधार पडलेला नसतो. त्या तासांत पश्चिमेकडे कुणाचाच कॅमेरा उघडा नसतो. महाराष्ट्रातल्या माळावरची फ्रेम त्या वेळची जगातल्या थोड्या नोंदींपैकी एक असू शकते. विर्टानेनच्या २०१८ च्या भेटीच्या वेळी व्यावसायिक शास्त्रज्ञांनी हौशी निरीक्षकांकडून फोटो मागवले होते ते याच कारणाने.

पण नोंद उपयोगी पडायला वेळ खरी हवी. धूमकेतू मिनिटाला सोळा विकला पळत असताना घड्याळ दहा सेकंदांनी चुकलं, तर मोजलेली जागा जवळपास तीन विकलांनी चुकते आणि कक्षेच्या गणितात ती नोंद बाद होते. मायनर प्लॅनेट सेंटर हौशी निरीक्षकांच्या मोजण्या स्वीकारतं. त्यासाठी आपल्या जागेचा वेधशाळा-क्रमांक मिळवावा लागतो. धूमकेतूची तेजस्विता स्लोव्हेनियातल्या कॉब्स या संग्रहाला कळवता येते, आणि त्यासाठी साधी द्विनेत्रीही पुरते. नव्या धूमकेतूंचा शोध आता बहुतेक यंत्रं घेतात, तरी माणूस मागे पडलेला नाही. ३० ऑगस्ट २०१९ ला क्रिमियात गेन्नादी बोरिसोव्ह यांनी स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला पहिला निश्चित धूमकेतू शोधला.

आकाश आहे तोवर

धूमकेतू तारे नाहीत. त्याच तेजाचा तारा एका बिंदूत असतो, तर धूमकेतूचा उजेड मोठ्या भागावर पसरलेला असतो. म्हणून शहराच्या उजेडात तारे टिकतात आणि धूमकेतूची शेपटी सर्वांत आधी बुडते. जुन्नरच्या माळावरूनही दक्षिणेला पुण्याचा उजेड ढगासारखा दिसतो आणि तो वाढतो आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे. पण प्रत्येकाला पेंचला जाता येणार नाही. गावचे दिवे खाली वळवलेले असावेत, मध्यरात्रीनंतर गरज नसलेले बंद असावेत, एवढं ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला करता येण्यासारखं आहे. त्यासाठी आपण मागणी करायला हवी.

२०२५ मध्ये लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच, २१ ऑक्टोबरला, लेमन हा धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला होता. पुढचा असा पाहुणा कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. बहुतेक वेळा काही महिन्यांचीच सूचना मिळते. दिवाळीनंतर आपल्याकडे कोरड्या, स्वच्छ रात्री सुरू होतात. तेव्हाच पोलर अलाइनमेंट, फोकस आणि फ्रेम जोडण्याचा सराव करून ठेवा. धूमकेतू येईल त्या दिवशी त्याची मिनिटाची चाल पाहा, आपल्या कॅमेऱ्याला किती सेकंद परवडतात ते काढा आणि घड्याळ जुळवा. चित्र सजवून झालं तरी मूळ फ्रेम पुसू नका. प्रत्येक फ्रेमबरोबर वेळ, जागा आणि साधन लिहून ठेवा, आणि जिथे मागणी असेल तिथे पाठवा. तुमच्या गावाच्या रेखांशावरून त्या तासाला दुसरं कुणीच पाहत नसेल, तर ती नोंद तुमच्याशिवाय कुणाकडूनच येणार नाही.